‘कारखान्याला गेला’ : एका हॅकेथॉनमध्ये बदललेला प्रश्न

संस्थेच्या ताईंनी कापडी पिशवीतून तीन हजेरी रजिस्टरं काढून टेबलावर ठेवली तेव्हा शनिवारचे सकाळचे दहा वाजले होते आणि टीमच्या पाचही जणांचे लॅपटॉप आधीच उघडे होते. रजिस्टर साधंच, लाल कापडी पुठ्ठ्याचं. जून ते ऑक्टोबरची पानं हजेरीने भरलेली, आणि दिवाळीनंतरच्या पानांवर एकेका नावापुढे आडवी रेघ ओढून लिहिलेलं, "कारखान्याला गेला", "कारखान्याला गेली", परत "कारखान्याला गेला". एका पानावर तर वरपासून खालपर्यंत फक्त हेच होतं. पोरांनी ती पानं उलटली, मोबाईलवर फोटो काढले आणि पुन्हा स्क्रीनकडे वळली, कारण त्यांना वाटत होतं की प्रश्न त्यांना समजलाय. मलाही तसंच वाटलं होतं.

मी या हॅकेथॉनला मेंटर होते आणि नंतरचा अख्खा गाळप हंगाम या कामाच्या मागे होते. कॉलेज पुण्यातलं, संस्था बीड जिल्ह्यातली, दोघांची नावं मुद्दाम देत नाहीये. पण विद्यार्थी आणि सामाजिक संस्था यांना एका खोलीत बसवून ३६ तासांत काहीतरी बनवून घ्यायचे कार्यक्रम आता इतक्या ठिकाणी होतात की एका तरी प्रकरणात सुरुवातीपासून शेवटपर्यंत काय काय झालं हे कुणीतरी नीट लिहून ठेवायला हवं असं वाटलं.

ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. धारूर, केज, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या पट्ट्यातून दसरा झाला की घरंच्या घरं साखर कारखान्यांच्या ऊसतोडीला निघतात, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, काही टोळ्या थेट बेळगावकडे. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी, धरतात. मुकादमाकडून, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल म्हणजे आगाऊ पैसे आधीच घेतलेले असतात आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, साधारण मार्च-एप्रिलपर्यंत, ती अंगमेहनतीनं फेडत राहायची. घरी सांभाळायला आजी-आजोबा असतील किंवा हंगामी वसतिगृहाची सोय झाली तर मूल मागं राहतं, नाहीतर बरोबर जातं आणि बरोबर गेलं की त्याचं दुसरं सत्र गेलंच. कागदावर याला उपाय आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला, त्यात मुलाला वयाप्रमाणे वर्ग मिळाला पाहिजे आणि दाखला यायचाय म्हणून प्रवेश अडवायचा नाही हे स्पष्ट आहे. आपल्याकडे स्थलांतर करणाऱ्या मुलांना गावच्या शाळेनं शिक्षण हमी कार्ड द्यायचं, ते दाखवून तिकडच्या शाळेत बसता येतं, अशीही व्यवस्था आहे. प्रत्यक्षात कार्ड निघतं तर ते पत्र्याच्या पेटीत तळाला जातं, किंवा निघायच्या दिवशी गडबडीत मागायचंच राहतं. मग तिकडच्या शाळेत गुरुजी विचारतात, कितवीत होतास रे, मूल लाजून काहीच बोलत नाही, त्याला मागच्या बाकावर नाहीतर सरळ पहिलीच्या पोरांत बसवतात, आणि आठवड्याभरात ते शाळेत यायचं थांबतं आणि कोपीपाशी, म्हणजे तळावरच्या झोपडीपाशी, धाकट्या भावंडाला सांभाळत बसतं.

संस्थेची माणसं बीडमध्ये वर्षभर असतात आणि हंगामात दोन कार्यकर्ते कोल्हापूर-सांगली बाजूला जाऊन राहतात. या दोन टोकांच्या मधला दुवा म्हणजे ताईंचा फोन, बाकी काही नाही.

आता हॅकेथॉनकडे येते. कार्यक्रमाचा साचा स्मार्ट इंडिया हॅकेथॉनवरून घेतलेला होता, २०१७ च्या एप्रिलमध्ये ती पहिल्यांदा झाली तेव्हापासून सलग ३६ तास, प्रॉब्लेम स्टेटमेंट, मेंटर, ज्युरी ही पद्धत इंजिनिअरिंग कॉलेजांच्या अंगवळणी पडलीये. इथे फक्त सरकारी खात्यांच्या जागी सामाजिक संस्था होत्या. कमिटीनं गूगल फॉर्मवर संस्थांकडून प्रश्न मागवले होते, ताईंनी मोबाईलवरून दोन ओळी लिहिल्या होत्या, की आमची मुलं कारखान्याला गेल्यावर त्यांची काही माहिती मिळत नाही, ती मिळाली तर बरं होईल. कमिटीतल्या कुणीतरी ते चांगल्या हेतूनं, बाकीच्या स्टेटमेंटसारखं दिसावं म्हणून, सुधारून लिहिलं आणि छापील कागदावर आलं ते असं: "स्थलांतरित बालकांचं रिअल टाइम ट्रॅकिंग".

माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात महाग चूक ही एक ओळ होती, आणि ती कोडिंग सुरू व्हायच्या आठ दिवस आधीच झाली होती.

ट्रॅकिंग म्हटल्यावर इंजिनिअरिंगच्या मुलांच्या डोक्यात काय येणार, मॅप. हा प्रश्न घेतलेल्या आमच्या टीमनं दुपारपर्यंत महाराष्ट्राचा नकाशा, त्यावर कारखान्यांच्या पिना आणि बीडमधून निघालेल्या रेषा असं सुंदर काहीतरी उभं केलं होतं. पुढचा प्लॅन असा की मुलाचा फोटो काढायचा, तिकडच्या शाळेत पुन्हा फोटो काढायचा, चेहरा जुळला की पिन हिरवी. काम खरंच मन लावून चाललं होतं, त्यांच्या कौशल्याबद्दल मला काहीच म्हणायचं नाही, फेस मॅचिंगचं मॉडेल त्यातल्या एकाने दोन तासांत चालवून दाखवलं होतं. ताई शेजारी खुर्चीवर बसून होत्या. पोरं त्यांना "मॅडम" म्हणत होती, चहा आणून देत होती, आणि अर्ध्या तासानं एकदा स्क्रीन दाखवून "असं चालेल ना मॅडम?" विचारत होती. त्या मान हलवत होत्या. ज्याला समोरच्या माणसाच्या मेहनतीचं मोल कळतं तो माणूस पटकन नाही म्हणत नाही, हे मी अशा कार्यक्रमांत खूपदा बघितलंय, आणि मेंटरचं काम तिथंच असतं, जे मी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत केलं नाही.

सातच्या सुमाराला मी ताईंना बाहेर पायरीवर विचारलं की खरं सांगा, हे वापराल का. त्या म्हणाल्या, "पोरांनी लई कष्ट घेतलेत हो. पण एक विचारू का, हा फोटो आणि हे ठिकाण, हे कुठं राहणार?" मी सर्व्हर वगैरे सांगितलं. त्या म्हणाल्या, "ते नाही. कुणाच्या हातात राहणार?"

मग आत येऊन त्यांनी जे सांगितलं ते ऐकताना खोलीतले की-बोर्ड थांबले. उचल अंगावर असताना एखादं जोडपं मारहाणीला, आजारपणाला कंटाळून मधूनच निघून येतं किंवा दुसऱ्या टोळीत जातं, तेव्हा मुकादम त्यांना शोधत फिरतो. कुठलं कुटुंब आज कुठल्या गावाच्या शिवारात आहे ही माहिती त्याच्यासाठी पैसा आहे. "मुलाची पिन म्हणजे आई-बापाची पिन," त्या म्हणाल्या, "आमच्या कार्यकर्त्याचा मोबाईल कुणी मागून घेतला, किंवा नुसता बघितला, तर शाळा राहील बाजूला. आणि एकदा असं झालं ना, तर त्या गावात आम्हाला परत कुणी दारात उभं करणार नाही."

पाचजणांत एक मुलगी होती, सकाळपासून फ्रंटएंडचं काम शांतपणे करणारी, मीटिंगमध्ये जवळजवळ काही न बोललेली. ताईंनी तिला सहज विचारलं, "तू कुठली गं?"

"धारूर तालुका."

"घरचे कारखान्याला जातात का?"

ती जरा थांबली. "आई-दादा जायचे. आता भाऊ-वहिनी जातात. मी पाचवीपर्यंत बरोबर जायचे."

बाकी चौघं तीन वर्षं तिच्या वर्गात होते आणि त्यांना हे माहीत नव्हतं. मलाही दिवसभरात कळलं नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं, आणि तिनं का सांगावं, वर्गात कुणी ऊसतोडीचा विषय काढला तर तो कीव करायला काढतात हा तिचा अनुभव. पण ताईंनी ज्या सुरात विचारलं त्यात कीव नव्हती, गाव विचारावं तसं विचारलं, आणि त्यानंतर ती बोलायला लागली ती पहाटेपर्यंत.

तिनं पहिल्यांदा सांगितलं की गाडी सेंटर आणि डोकी सेंटर यात फरक आहे. बैलगाडीवाले कारखान्याजवळ एका तळावर राहतात, हंगामभर साधारण तिथंच. डोक्यावर मोळ्या वाहून ट्रक भरणाऱ्यांचा तळ सारखा हलतो, आज या गावच्या शिवारात तर पंधरा दिवसांनी दुसऱ्याच, त्यामुळे त्यांच्या मुलाचं आजचं ठिकाण उद्या खोटं होतं. दुसरं तिनं सांगितलं की माहिती घ्यायची तर दसऱ्याच्या आधी गावात घ्यायला पाहिजे, गाड्या भरायला लागल्यावर कुणाला वेळ नसतो. आणि तिसरं, जे मला आजही आठवतं, "मॅम, तिकडं शाळेत मला कुणी नेलं नाही असं नाही. दोनदा नेलं. पण गुरुजींना वाटलं मला काहीच येत नाही. मला तेव्हा पाढे येत होते पंधरापर्यंत. कुणी विचारलंच नाही."

रात्री नऊच्या आसपास, म्हणजे ३६ तासांतले अकरा तास गेल्यावर, टीमनं पांढऱ्या बोर्डवरचा मॅप पुसला आणि त्या मुलीनं तिथं नवा प्रश्न लिहिला. मूल कुठं आहे हे शोधायचं नाही. मूल ज्या शाळेत पोचेल तिथल्या गुरुजींना पहिल्याच दिवशी कळलं पाहिजे की ते कितवीत होतं आणि त्याला काय येतं.

हा बदल लहान दिसतो पण त्यानं जवळजवळ सगळं बदललं, काय बनवायचं तेही आणि काय अजिबात साठवायचं नाही तेही. फोटो गेला, जीपीएस गेलं, आधार नंबरचा रकाना गेला, मुकादमाचं नाव गेलं. यावर एका मुलाचा आक्षेप होता की डेटा जास्त असला तर पुढं उपयोगी पडतो, आणि त्याच्याशी आम्ही बराच वेळ वाद घातला. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा मी तेव्हा उघडून वाचून दाखवला, त्यात १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल धरलंय, पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितलीये आणि ठरावीक अपवाद सोडले तर मुलांचं ट्रॅकिंग करायला मनाई केलीये. म्हणजे छापील प्रॉब्लेम स्टेटमेंटमधला शब्द आणि कायद्यात मनाई केलेला शब्द एकच होता. पण खरं सांगायचं तर त्या मुलाला कायद्यानं पटलं नाही, ताईंच्या "दारात उभं करणार नाही" या वाक्यानं पटलं.

शेवटी आठ रकाने राहिले. मुलाचं नाव, आईचं नाव, गावची शाळा, इयत्ता, वाचनाची पातळी, गणिताची पातळी, कारखान्याचं नाव, सेंटरचा प्रकार. वाचनाच्या पातळीसाठी अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट ही ‘असर’ या मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या सर्वेक्षणातली उतरंड घेतली. ‘असर’ २००५ पासून होतंय आणि जिल्हा परिषदेच्या बहुतेक गुरुजींना ती भाषा लगेच कळते, तिकडच्या कोपऱ्यातल्या शाळेतसुद्धा "परिच्छेदावर आहे" म्हटलं की समजावून सांगावं लागत नाही.

मग भांडण झालं ते फॉर्मवरून. मी म्हणलं की ऑफलाइन फॉर्मसाठी नवीन ॲप लिहू नका, ओडीके किंवा कोबो टूलबॉक्स वापरा, जगभर मदतकार्यात ती वापरतात, नेटवर्क नसताना फोनमध्ये साठवतात आणि नेटवर्क आलं की पाठवतात, आणि सामाजिक संस्थेला फुकटात पुरतात. टीम लीडर नाराज झाला. त्याचा मुद्दा असा की कोडच लिहिला नाही तर ज्युरीला काय दाखवायचं, आणि मी त्याला दोष देत नाही, कारण मार्क ज्या तक्त्यावर द्यायचे त्यात "तांत्रिक गुंतागुंत" असा सरळ रकाना होता आणि "संस्था हे सोमवारी वापरू शकेल का" असा रकाना नव्हता. आयोजकांनी हा तक्ता बदलला तर निम्मे प्रश्न सुटतील असं माझं ठाम मत आहे. रात्री एकला तडजोड झाली, माहिती भरायला कोबो, आणि कोड लिहायचा तो जिथं तयार काही मिळत नाही तिथं, म्हणजे नंबर, कार्ड आणि यादी.

नंबरची गोष्ट थोडी सविस्तर सांगते, कारण त्यात या पोरांचं खरं डोकं दिसलं. दोन टोकांना मूल एकच आहे हे ओळखायचं कसं? नावावरून नाही. शाळेत ज्ञानेश्वर, घरात माऊली, आईच्या तोंडी तिसरंच काहीतरी. पूजा ऱ्हस्व की दीर्घ, आडनाव लिहिणारा कोण यावर सगळं अवलंबून. म्हणून प्रत्येक मुलाला एक सहा आकडी नंबर द्यायचा, तो कार्डावर छापायचा, कार्ड लॅमिनेट करून दप्तरात. शेवटचा आकडा आधीच्या पाच आकड्यांवरून हिशेबानं येतो, क्रेडिट कार्डाच्या नंबरला जी लूनची पद्धत असते तीच, म्हणजे ऐकताना एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले तर जवळजवळ नेहमी लगेच कळतं की काहीतरी चुकलंय. हे पुस्तकातलं झालं. पण चाचणी घ्यायला ताईंनी फोनवरून नंबर वाचून दाखवला आणि तो त्यांनी आपण सगळे वाचतो तसा जोडीजोडीनं वाचला, "एकोणसाठ, त्र्याहत्तर, चव्वेचाळीस", आणि ऐकणाऱ्या इंग्रजी माध्यमातल्या मुलानं एकोणसाठचे एकोणसत्तर केले, त्र्याहत्तरचे त्रेसष्ट केले. एकाच वेळी दोन आकडे चुकले की हा हिशेब दर वेळी चूक पकडेलच असं नाही. मग कार्डावर प्रत्येक आकडा स्वतंत्र चौकटीत छापायचा ठरला आणि खाली बारीक अक्षरात ओळ घातली, "एकेक आकडा वाचा". ही ओळ रात्री अडीच वाजता सुचली आणि पुढं हंगामात तिच्यामुळेच फोनवरची कामं सुरळीत झाली.

तिसरा भाग यादीचा. दसऱ्याच्या आधी गावात भरलेल्या माहितीतून कारखान्यानुसार याद्या निघतात आणि त्या कारखान्याचं काम बघणाऱ्या संस्थेच्या कार्यकर्त्यालाच ती यादी दिसते, तीही गाव-तळ काही नसलेली, नंबर, नाव, इयत्ता आणि पातळी एवढीच. पोरांना गुरुजींना आपोआप एसएमएस पाठवायचा होता, पण ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, नियमांमुळे असे एसएमएस पाठवायला डीएलटी या मोबाईल कंपन्यांच्या व्यवस्थेवर नोंदणी आणि प्रत्येक मजकुराची मंजुरी लागते, ती शनिवार-रविवारात होत नाही, म्हणून ते सोडून दिलं आणि ठरलं की कार्यकर्ता स्वतः शाळेत जाईल. माझ्या मते तेच बरं झालं.

प्रेझेंटेशन झालं, टीमला दुसरं बक्षीस मिळालं, पहिलं आलेल्या टीमचं काम चांगलंच होतं. पुढे जाऊ.

असे कार्यक्रम रविवारी संध्याकाळी संपतात आणि खरा त्रास सोमवारी सुरू होतो, ही ओरड जगभराची आहे. २००९ मध्ये गूगल, मायक्रोसॉफ्ट, याहू, नासा आणि वर्ल्ड बँक यांनी मिळून रँडम हॅक्स ऑफ काइंडनेस सुरू केलं, त्यात बनलेलं ‘आय ॲम ओके’ हे "मी सुखरूप आहे" एवढाच निरोप घरच्यांना पोचवणारं ॲप २०१० च्या हैतीच्या भूकंपात वापरलं गेलं, आणि अजूनही उदाहरण म्हणून तेच सांगतात कारण अशी उदाहरणं कमी. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी २०१३ मध्ये हॅक फॉर इम्पॅक्ट काढलं, त्यात एकेक टीम एका संस्थेबरोबर पूर्ण सेमिस्टर काम करते. आमच्या पाचजणांनी तसं काही आखलं नव्हतं, पण ते थांबले, आणि थांबल्यावर काय काय अडतं ते आम्हाला क्रमानं कळत गेलं.

पहिलं अडलं ते वेळापत्रक. टोळ्या निघतात दसरा-दिवाळीत, तिकडं तळ बसतो नोव्हेंबरात, म्हणजे कार्यकर्त्यांना मदत लागते ती बरोबर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, आणि तेव्हाच पोरांची सेमिस्टरची परीक्षा. ऊस आणि विद्यापीठ दोघंही कुणासाठी थांबत नाहीत. त्या दिवसांत यादीतला एक दोष निघाला आणि तो दुरुस्त करायला कुणीही मोकळं नव्हतं. दोष असा, कार्यकर्त्यानं कार्ड हरवलेल्या एका मुलीचं आडनाव शोधलं, कऱ्हाडे, आणि यादीत ती नाही असं आलं. प्रत्यक्षात ती यादीत होती, डोळ्यांनी दिसत होती. ताईंनी दोन्ही फोन शेजारी ठेवून मला फोटो पाठवला, दोन्हीकडे अक्षर न अक्षर सारखं. कारण असं निघालं की आपल्या ‘ऱ्ह’ मधला तो अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक अक्षरं ज्या संकेतांत साठवतो त्यात, दोन तऱ्हांनी लिहिता येतो, एका की-बोर्डवर नुक्तावाला ऱ आणि हलन्त, दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि मग एक न दिसणारं जोडचिन्ह. स्क्रीनवर हुबेहूब, संगणकाला वेगळं. अशा तऱ्हा एकसारख्या करायच्या नेहमीच्या पद्धतीनं, नॉर्मलायझेशननं, हे दोन एक होत नाहीत, त्यासाठी स्वतः नियम लिहावा लागतो. नियम चार ओळींचा होता पण तो लिहायला परीक्षा संपायची वाट बघावी लागली, आणि तेवढे दिवस ती मुलगी कुठल्या पातळीवर आहे हे गुरुजींना आम्ही तोंडी सांगितलं.

दुसरं अडलं ते जानेवारीत आणि ते जास्त गंभीर होतं. हॅकेथॉनच्या रात्री घाईत कार्ड-यादीचा सगळा भाग एका मुलाच्या स्वतःच्या ईमेलवर, विद्यार्थ्यांना भाड्याच्या सर्व्हरसाठी मिळणाऱ्या फुकट क्रेडिटवर चढवला होता. क्रेडिट संपलं, याद्या उघडेनात. तो मुलगा बेंगळुरूला इंटर्नशिपला, ओटीपी त्याच्या फोनवर, दिवसभर ऑफिसात फोन बंद. संस्थेनं स्वतः पैसे भरायचे म्हटले तर क्रेडिट कार्ड लागतं, आणि गावपातळीवरच्या संस्थेकडे चेकबुक असतं, क्रेडिट कार्ड नसतं. दोन दिवस काम थांबलं. कोबोमध्ये भरलेली माहिती वेगळी होती आणि फोनमध्येही होती म्हणून काही हरवलं नाही, पण त्या मुलाला इतकं वाईट वाटलं की तो शनिवारी रात्रीच्या बसनं पुण्याला आला आणि रविवारी बसून आम्ही सगळं संस्थेच्या खात्यावर हलवलं. गूगलची सामाजिक संस्थांसाठी फुकट योजना आहे, त्यातून संस्थेचे ईमेल काढले, यादीचा भाग साध्या शीटवर आणला म्हणजे महिन्याचं बिलच नको. पासवर्ड कुणाकडे, कार्ड छापायची फाईल कुठं, नंबर बंद पडला तर काय करायचं, हे सगळं ताईंनी आपल्या हातानं मराठीत लिहिलं, त्याच लाल रजिस्टरच्या शेवटच्या पानावर. टीमनं गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या साइटवर, लिहिलेली माहितीपत्रिका कुणी उघडली नाही, हे पान अजून रोज उघडतात.

मी आता ज्या कुठल्या अशा कार्यक्रमाला जाते तिथं शनिवारी सकाळी सगळ्यात आधी एवढंच बघते की खातं कुणाच्या नावावर उघडलंय.

काम किती झालं? यादीतली सगळी मुलं तिकडच्या शाळांत बसली असं झालं नाही. गाडी सेंटरवाल्यांची बरीचशी सापडली, कारण तळ एका जागी होता. डोकी सेंटरवाल्यांची बहुतेक निसटली, कार्यकर्ता पोचेपर्यंत टोळी पुढच्या गावाला. त्या मुलीनं हे पहिल्याच रात्री सांगितलं होतं आणि त्यावर आमच्याकडे तेव्हाही उत्तर नव्हतं. काही ठिकाणी गुरुजींनी कार्ड बघून सांगितलं की वर्गात जागा नाही, तिथं सॉफ्टवेअर काय करणार, तिथं कार्यकर्त्याला केंद्रप्रमुखांकडे खेटे घालावे लागले.

पण एक प्रसंग मी स्वतः बघितला तो लिहिते. डिसेंबरमध्ये मी सांगलीकडच्या एका तळावर कार्यकर्त्याबरोबर गेले होते. सकाळची वेळ, मोठी माणसं पहाटेच फडात गेलेली, कोप्यांपाशी पोरंच पोरं. एक मुलगा, नऊ-दहा वर्षांचा, बहिणीला कडेवर घेऊन उभा. कार्यकर्त्यानं विचारलं, कार्ड आहे का रे. तो आत गेला आणि पत्र्याची पेटी उघडून, कपडे बाजूला करून, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं कार्ड घेऊन आला. आम्ही त्याला शाळेत नेलं, बहीणही बरोबर, तिला ठेवणार कुठं. तिथल्या मॅडमनी कार्ड हातात घेतलं, डोळे बारीक करून वाचलं, "चौथी. वाचन, गोष्ट. गणित, भागाकार." मग त्याच्याकडे बघून फळ्यावर एक भागाकार मांडला, तीन अंकी, आणि खडू त्याच्या हातात दिला. त्यानं बहिणीला खाली बसवलं आणि तो सोडवला, हळूहळू, हातचे बोटांवर मोजत. मॅडम म्हणाल्या, "बस, तिसऱ्या बाकावर." आणि बहिणीला बालवाडीच्या खोलीत पाठवलं. सगळं मिळून दहा मिनिटं.

आईची संमती त्या मुलाच्या गावात ताईंनीच घेतली होती, आम्ही लिहून दिलेला कायदेशीर परिच्छेद न वाचता. त्या म्हणायच्या, "यात पोराचं नाव, इयत्ता आणि त्याला काय येतं एवढंच आहे. तुम्ही कुठं राहता हे यात नाही. पट्टा पडला की आम्ही पुसून टाकतो. नको असलं तर नाही म्हणा." आणि ते पुसायचं वचन पाळलं, एप्रिलअखेरीस ज्या मुलांची गावच्या शाळेत परत हजेरी लागली त्यांच्या नोंदी काढून टाकल्या, रजिस्टरमध्ये नंबरापुढे "पुसले" असं लिहून. टीममधला तो जास्त डेटा हवा म्हणणारा मुलगाच त्या दिवशी ऑनलाइन बसून ते करत होता.

यंदा कॉलेजनं पुन्हा हॅकेथॉन ठेवलंय. आम्ही आयोजकांना तीन गोष्टी सांगितल्या आणि त्यांनी दोन मान्य केल्या. प्रॉब्लेम स्टेटमेंट संस्थेच्या माणसाच्या तोंडच्या शब्दांत छापायचं, सुधारून लिहायचं नाही, आणि हॅकेथॉनच्या आधी प्रत्येक टीमनं संस्थेच्या कामाच्या जागी एक दिवस घालवायचा, एसटीचं भाडं कॉलेज देणार. मार्कांचा तक्ता बदलायचं मात्र पुढच्या वर्षीवर गेलं, तो मी सोडणार नाहीये.

धारूरची ती मुलगी आता शेवटच्या वर्षाला आहे, ती या वेळी टीममध्ये नाही, संस्थेच्या बाजूला ताईंच्या शेजारच्या खुर्चीवर बसणार आहे. यंदाचा प्रश्न तिनं आणि तिच्या वहिनीनं मिळून लिहिलाय, फोनवर, वहिनी सांगत गेली आणि ही टाईप करत गेली: "डोकी सेंटरला आमचा तळ दर पंधरा दिवसांनी हलतो. नवीन गावात शाळा कुठं आहे आणि तिथं कुणाला भेटायचं हे आम्हाला पोचल्या दिवशी कळायला पाहिजे. आम्ही कुठं आहोत हे कुणाला कळायला नको."

कार्डं दसऱ्याच्या आत छापून व्हायची आहेत. केजच्या लॅमिनेशनवाल्याला ताईंनी सांगून ठेवलंय, या वेळी जाड प्लास्टिक घे म्हणून, गेल्या हंगामातली कोपऱ्यांतून उसवली होती.